पायी भटकंतीत काढलेला तुमचा न विसरता येणारा फोटो कोणता, आणि का?

माझा फोटो दाखवला तर हसाल. चिखलात रुतलेला एक पाय, शेजारी खोऱ्याचं पातं आणि गढूळ पाणी. वरच्या कोपऱ्यात माझ्याच प्लॅस्टिकच्या खोळीची कड आलीय. तरी तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिला तोच आठवला.

मी बेळगावचा, वडगावातला. आमच्याकडे फिरायचे फोटो म्हटलं की गोकाक. घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळते, समोर झुलता पूल. बाबांचा लग्नानंतरचा फोटो तिथला, माझा शाळेच्या सहलीतला तिथला, माझ्या लेकीचाही तिथलाच. तीन पिढ्या, पोझ एकच: कठड्याला टेकून, डोळे बारीक करून. राजहंसगडावर पहाटे येळ्ळूरकडून चढून काढलेले पन्नासेक फोटो आहेत, त्यातला कुठला कुठल्या वर्षाचा हे मलाही सांगता येत नाही.

हा चिखलाचा फोटो कणकुंबीचा. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे, चोर्ल्याच्या वाटेवर. मलप्रभा तिथं उगम पावते. आणि त्याच गावाच्या आसपासचा कळसा नाला उलट्या दिशेला, म्हादईकडे जातो. म्हादई म्हणजे गोव्यात गेल्यावरची मांडवी. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं म्हादईकडे जाणारं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचं भांडण, त्यामुळं आमच्याकडच्या पेपरात कळसा-भांडुरा हे शब्द लहानपणापासून वाचत आलोय. २०१८ मध्ये म्हादईच्या पाणीवाटप लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं तेव्हा तर महिनाभर दुसरा विषय नव्हता. इतकं भांडण ज्या पाण्यावरून, ते नेमकं फुटतं कुठं, हे डोळ्यांनी बघावं आणि फोटो काढावा असं डोक्यात बसलं.

म्हणून जुलैत एका रविवारी पहिल्या बसनं गेलो. चूकच केली म्हणा. कणकुंबीचा जुलै म्हणजे दहा पावलांवरचं झाड दिसत नाही. उगमाचं कुंड बघितलं, फोटो काढले, सगळे राखाडी. (धुक्यात मोबाईल आपणहून फोटो काळपट करतो, बोटानं उजेड थोडा वाढवून घ्यावा, हे मला नंतर कळलं.) मग रस्ता सोडून शेताच्या मेरेवरून चालत सुटलो. दोन समुद्रांकडे जाणारं पाणी जिथं वेगळं होतं, ती रेघ काय पाटी लावून ठेवलेली असते? एक चढ चढलो, उतरलो, परत चढलो. पायात बूट, बुटात पाणी. जळवांचा हिशेब सोडून द्या.

एका खाचरात लावणी चालली होती. बायका इरली घालून ओणव्या, आणि मेरेवर एक म्हातारे मामा खोरं घेऊन उभे. मला बघून म्हणाले, "कशाचा फोटो काढूलायस रे? पाऊस येऊलाय, जा घराकडं."

म्हटलं, "मामा, पाणी गोव्याला कुठनं जातंय ते बघायचंय."

त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. खोऱ्यानं मेरेचा एक घास काढला, पाणी डावीकडे पळालं. "हे यल्लम्माला." मग त्या तोंडावर पाय दाबून धरला आणि दुसरीकडे खोरं मारलं. "हे गोव्याला."

त्यांनी पाय दाबून धरला होता तेव्हाच मी बटण दाबलं.

यल्लम्माला म्हणजे सौंदत्तीकडे. मलप्रभा खानापुरातून वाहत तिकडे जाते, नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि साधारण ३०० किलोमीटर चालून कूडलसंगमला कृष्णेत मिसळते. तिथून पुढं बंगालचा उपसागर. मामांच्या टाचेच्या दुसऱ्या बाजूचं पाणी मात्र घाट उतरून पणजीपाशी अरबी समुद्रात. मामांची ती मेर नकाशावरच्या रेघेवर अगदी काटेकोर बसते का, हे मी तपासत बसलो नाही. मला पटलं.

त्यानंतर खोडच लागली. मे महिन्यात खानापूरच्या पुलावरून त्याच नदीचे फोटो काढले, नुसती डबकी आणि म्हशी. नंतर नविलुतीर्थला गेलो. शेवटी कूडलसंगमला, बसवण्णांच्या ऐक्यमंटपापाशी, म्हणजे समाधीपाशी. तिथं काठावरच्या एका अज्जींना माझ्या मोडक्या कन्नडात सांगितलं की हे नीरू आमच्याकडचं. त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन डोळ्याला लावलं आणि मला प्रसादाचा खडीसाखरेचा खडा दिला. तो फोटो काढायचं सुचलंच नाही.

जाणार असाल तर ऑक्टोबरात जा. पावसात जायचंच असेल तर परतीच्या बसची वेळ कणकुंबीत उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. मी विचारली नव्हती, शेवटी जांबोटीपर्यंत दुधाच्या टेम्पोतनं आलो. आणि जवळच्या भीमगड अभयारण्यात वनखात्याला न विचारता शिरू नका.

पुढच्या लावणीला त्या फोटोची प्रिंट काढून मामांना नेऊन दिली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली, बायकोला हाक मारून दाखवली. मला वाटलं, पाय ओळखला. तर बोट ठेवलं होतं मेरेच्या कडेच्या एका काळ्या ठिपक्यावर, जो मी वर्षभर बघूनही मला दिसला नव्हता.

"हितं बघ खेकड्याचं बीळ. गेल्या साली पाणी इथनंच गळत होतं, आणि आम्ही सगळीकडं शोधूलालो."