सेन्सर गप्प असताना बिघाड ओळखण्याचा विषय : प्रबंधासाठी घ्यावा का?

प्रश्न : मी इन्स्ट्रुमेंटेशन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेटवर्कवर चालणाऱ्या नियंत्रण प्रणालींत सेन्सरची माहिती कमीत कमी पाठवूनही बिघाड कसा ओळखावा, या विषयावर पदव्युत्तर प्रबंध करण्याची इच्छा आहे. मित्र म्हणतात, विषय फार अरुंद आहे, त्यापेक्षा मशीन लर्निंग घे. काय करावे?

उत्तर : या नावाच्या पदाची जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल, एवढ्यापुरते मित्रांचे म्हणणे खरे आहे; पण विषय अरुंद आहे, हे मला मान्य नाही.

टाकीतील पातळी मोजणारा वायरलेस सेन्सर घ्या. शेवटच्या पाठवलेल्या आकड्यापेक्षा २ सेंटीमीटरहून अधिक फरक पडला तरच तो नवा आकडा पाठवतो, त्यामुळे बॅटरी टिकते आणि नेटवर्कवरील गर्दी घटते. मात्र दोन संदेशांच्या मधल्या काळात पातळी त्या वर-खाली २ सेंटीमीटरच्या पट्ट्यात नेमकी कुठे आहे हे कंट्रोलरला कळत नाही, आणि टाकीच्या गणिती मॉडेलचा अंदाज व मोजमाप यांतील तफावतीवरून गळती ओळखायची असेल तर छोटी गळती त्या पट्ट्यातच दडून राहते. इशाऱ्याची मर्यादा खाली आणली की खोटे इशारे वाढतात, वर नेली की खरा बिघाड उशिरा कळतो.

खरी गंमत पुढे आहे. सेन्सर एकाच आकड्यावर अडकला तर फरक कधीच पडत नाही, म्हणून संदेशही जात नाही. ठरावीक मुदतीने हजेरीचा संदेश सक्तीचा केला तर बंद पडलेला सेन्सर सापडतो, परंतु अडकलेला सेन्सर तोच आकडा घेऊन इमानेइतबारे हजेरी लावत राहतो. त्याला पकडायचे तर व्हॉल्व्ह उघडल्यावर पातळी किती वेळात वाढायला हवी होती हे मॉडेलला विचारावे लागते. अपेक्षित संदेश आला नाही हाच मग पुरावा ठरतो, अर्थात तो नेटवर्कमध्ये गहाळ झाला असण्याची शक्यताही हिशेबात धरून.

मशीन लर्निंग जरूर शिका, पण कारखाने बिघाड होऊ नये अशाच बेताने चालवले जात असल्याने बिघाडाच्या नोंदी थोड्या असतात, आणि तिथे मॉडेलवर आधारित पद्धतींचे महत्त्व टिकून राहते. त्यासाठी रेषीय बीजगणित व संभाव्यता पक्की करा. पेज यांची १९५४ मधील क्युसम चाचणी (छोटे फरक साठवत जाऊन बदल पकडणारी), कालमन यांचे १९६० मधील फिल्टर (गोंगाट असलेल्या मोजमापांतून प्रणालीच्या खऱ्या स्थितीचा अंदाज काढणारे) आणि लुएनबर्गर यांचा १९६४ मधील ऑब्झर्व्हर (थेट न मोजलेली स्थिती मॉडेलवरून काढणारा) स्वतः कोड लिहून चालवून पाहा. ही तयारी प्रक्रिया उद्योग, वीज वितरण, वाहने, ड्रोन अशा सर्वच ठिकाणी कंट्रोल किंवा कंडिशन मॉनिटरिंगच्या (यंत्रांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याच्या) कामात उपयोगी पडते.

प्रवेश घेण्यापूर्वी मार्गदर्शकांना एक गोष्ट मात्र अवश्य विचारा : प्रयोगशाळेत मुद्दाम बिघाड घडवून पाहता येईल असा प्रत्यक्ष संच आहे का? नुसत्या सिम्युलेशनवर उभा राहिलेला प्रबंध मुलाखतीत फार वेळ तग धरत नाही.