स्टेलारिस नव्याने शिकताना सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: स्टेलारिस हा अंतराळात साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम घेतला, ट्यूटोरियल सुरू केलं, वरच्या पट्टीतले डझनभर आकडे आणि दर मिनिटाला उघडणाऱ्या खिडक्या पाहून डोकं गरगरलं, आणि बंद केला. आता पुन्हा उघडायचाय, तर आधी नेमकं काय शिकायचं?

आधी अलॉय (मिश्रधातू) आणि इन्फ्लुअन्स (साम्राज्याचा प्रभाव). स्टेलारिसमध्ये साधनं खूप दिसतात, पण गेममधल्या पहिल्या पन्नास वर्षांत तुमचा हात अडतो तो बहुतेक वेळा या दोनपैकी एकावरच. बाकीचे आकडे याच दोघांना पोसायला आहेत असं समजून खेळलात, तर त्या गर्दीतलं अर्धंअधिक पहिल्या डावात बिनधास्त सोडून देता येतं.

त्याआधी सेटिंगचं उरकून टाकू. गॅलेक्सी ४०० ताऱ्यांची घ्या, १००० ची नको. अडचणीची पातळी सगळ्यात खालची ठेवा, 'ॲडव्हान्स्ड एआय स्टार्ट' (संगणकाच्या काही साम्राज्यांना मिळणारी पुढारलेली सुरुवात) शून्यावर आणा, आयर्नमॅन (मागच्या सेव्हवर परतू न देणारी पद्धत) बंद ठेवा. साम्राज्य स्वतः घडवायच्या मागे लागू नका. तयार यादीतलं 'युनायटेड नेशन्स ऑफ अर्थ' घ्या. माणसं, लोकशाही, परक्यांशी जमवून घेणारा स्वभाव, त्यामुळे बहुतेक शेजारी लगेच अंगावर येत नाहीत. हाइव्ह माइंड, म्हणजे सगळ्या प्रजेचं मिळून एकच मन असलेलं साम्राज्य, सोपा पडतो असा सल्ला तुम्हाला जागोजागी दिसेल. सोपा आहे हे खरं, पण त्याला कन्झ्युमर गुड्सची (लोकांच्या रोजच्या वापराच्या वस्तूंची) चिंता जवळपास नसते, म्हणजे अर्थव्यवस्थेचा जो भाग शिकायचा तोच गाळला जातो. तो दुसऱ्या-तिसऱ्या डावाला ठेवा. आणि ज्यांना सगळ्यांचा नायनाटच करायचाय अशी साम्राज्यं तर सुरुवातीला मुळीच नकोत, त्यांच्यासाठी मुत्सद्देगिरीचं दारच बंद असतं.

आता गेम २२०० साली सुरू झाला की पहिलं काम म्हणजे स्पेसबार दाबून थांबवणं. हा गेम धावता आहे, पण थांबवून सगळे हुकूम देता येतात. अनुभवी लोकही सतत पॉज करतात, त्यात कमीपणा काही नाही. थांबलेल्या स्थितीत वरच्या पट्टीवरच्या एकेका आकड्यावर माउस नेऊन ठेवा. कुठून किती येतंय आणि कुठे किती जातंय याचा पूर्ण हिशेब उघडतो. ट्यूटोरियलमधल्या यंत्रमानवाच्या बडबडीपेक्षा हा हिशेब जास्त शिकवतो, निदान माझं तरी हेच मत आहे.

साखळी अशी आहे. एनर्जी, मिनरल्स आणि अन्न ही तीन कच्ची साधनं. एनर्जी जवळजवळ सगळ्याच गोष्टी चालू ठेवायला लागते: जहाजं, इमारती, स्टेशन्स. मिनरल्सना मात्र तीन वाटा फुटतात. थोडी थेट बांधकामात जातात, काही कारखान्यांत जाऊन अलॉय होतात, काही कन्झ्युमर गुड्स होतात. अलॉयमधून जहाजं, स्टारबेस (ताऱ्याजवळचे तळ) आणि आउटपोस्ट (ताऱ्यावर हक्क सांगणाऱ्या छोट्या चौक्या) बनतात. कन्झ्युमर गुड्स लोकांच्या राहणीमानाला आणि संशोधकांच्या पगाराला लागतात. म्हणजे मिनरल्सचा साठा एकच, आणि एका बाजूने आरमार तर दुसऱ्या बाजूने प्रयोगशाळा तो ओढतायत. ही ओढाताण एकदा लक्षात आली की 'आता पुढची इमारत कोणती बांधू' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं: अलॉय कमी पडतायत का? मग मिनरल्स पुरेशी आहेत का? मग एनर्जी?

लाल आकड्याला घाबरू नका. एनर्जीचे पाचशे साठ्यात असतील आणि महिन्याला दोन कमी होत असतील, तर तुमच्याकडे गेममधली वीस वर्षं आहेत. तेवढ्यात बरंच काही उभं राहतं. दंड बसतो तो साठा शून्यावर गेला आणि तरी वजाबाकी चालूच राहिली तर. उलट, हजारो मिनरल्स नुसते पडून असलेला हिरवागार खजिना हीच नवख्या खेळाडूची खरी खूण. कोठाराला मर्यादा आहे, ती भरली की पुढचं उत्पन्न वाया जातं. आणि मर्यादेच्या आतही पडून असलेलं साधन काहीच करत नाही. जादा झालं तर मार्केटमध्ये विका, किंवा दरमहा ठरावीक विक्री लावून द्या.

ग्रहांवर मात्र नेमकी उलटी सवय लावावी लागते, तिथे हात आखडता घ्यायचा. डिस्ट्रिक्ट (ग्रहावरचा शेती, खाण असा एकेका कामाचा विभाग) किंवा इमारत म्हणजे नोकऱ्या. त्या करायला माणसं नसतील तर ती बांधणं म्हणजे गिऱ्हाईक नसलेल्या गावात गाळे काढून ठेवण्यासारखं. देखभालीचा खर्च लगेच सुरू होतो, उत्पन्न शून्य. तेव्हा ग्रहाच्या पडद्यावर फक्त दोन गोष्टी पाहा: रिकाम्या नोकऱ्या किती आणि बेरोजगार किती. बेरोजगार दिसू लागले किंवा दिसायच्या बेतात असले की बांधा, नाहीतर सोडून द्या. सोयी, गुन्हेगारी, स्थैर्य यांचे आकडे घसरले की गेम स्वतःच वर इशारा देतो.

आता इन्फ्लुअन्स. नव्या ताऱ्यावर हक्क सांगायला आउटपोस्ट लागतो आणि त्याला साधारण १०० अलॉय आणि ७५ च्या आसपास इन्फ्लुअन्स मोजावा लागतो, तारा तुमच्या हद्दीपासून लांब असेल तर जास्त. आणि सुरुवातीला इन्फ्लुअन्स मिळतो महिन्याला जेमतेम तीन ते पाच. म्हणजे दर आउटपोस्टमागे गेममधलं दीड-दोन वर्षांचं उत्पन्न. इतक्या महाग वस्तूने जवळचा तारा केवळ जवळ आहे म्हणून घेऊ नये. नकाशावरच्या हायपरलेनच्या रेषा पाहा. जहाजं फक्त त्या रेषांवरूनच जातात, त्यामुळे कुठेतरी असा एक तारा सापडतो की तो घेतला की मागचे सात-आठ तारे आपोआप कोंडले जातात. आधी तो घ्या. सीमा बंद ठेवली तर शेजारी त्याच्या पलीकडे शिरू शकत नाही, आणि मागची जागा तुम्ही दहा-वीस वर्षांनी सावकाश भरू शकता. त्या ताऱ्यावरचाच स्टारबेस मोठा करा, तोफा तिथेच लावा. आतल्या शांत ताऱ्यांवर संरक्षणाचा खर्च कशाला?

हे तारे ओळखायला नकाशा उघडायला हवा, म्हणून पहिल्या काही महिन्यांतच दुसरी सायन्स शिप बांधा. पाहणी लवकर झालेली असली की पुढच्या सगळ्या निर्णयांना आधार मिळतो. पाहणीत एखादी अनॉमली (तपासण्याजोगी विचित्र गोष्ट) सापडली आणि तिची पातळी शास्त्रज्ञाच्या पातळीपेक्षा फारच वर असेल, तर ती संशोधायला काही वर्षं जाऊ शकतात. तोवर जहाज अडकून पडतं. ती कुठे पळून जात नाही, नंतर या. एखाद्या ताऱ्यावर कवटीचं चिन्ह दिसलं तर मात्र तिथे शिरू नका. काही तारे महाकाय प्राण्यांच्या किंवा जुन्या यंत्रांच्या पहाऱ्यात असतात, ईथर ड्रेक त्यातलाच. सुरुवातीच्या कॉर्व्हेटांचा (सगळ्यात छोट्या युद्धनौकांचा) ताफा त्यांच्यासमोर काही क्षणही टिकत नाही.

संशोधनाचा तंत्रज्ञान-वृक्ष पाठ करायची गरज नाही. तिन्ही शाखांत प्रत्येक वेळी थोडेच पर्याय समोर येतात, त्यातलं उत्पादन वाढवणारं दिसलं तर ते घ्या. आज न निवडलेलं पुढे फिरून येतंच. परंपरांमध्ये (साम्राज्याला टप्प्याटप्प्याने फायदे देणारे निवडीचे गट) डिस्कव्हरी किंवा प्रॉस्पेरिटीपासून सुरुवात केलीत तर काही बिघडत नाही.

शेजारी भेटले की एक गोष्ट नीट समजून घ्या: एआय साम्राज्यं तुमचं आरमार मोजतात. संपर्काच्या पडद्यावर प्रत्येक शेजाऱ्याची ताकद तुमच्या तुलनेत कमी, बरोबरीची की जास्त ते लिहिलेलं असतं, आणि त्यांच्याही हिशेबात तुम्ही तसेच दिसता. आरमार दुबळं ठेवून फक्त प्रयोगशाळा बांधत राहिलात, तर स्वभावाने आक्रमक शेजारी संधी सोडणार नाही. इथे पुन्हा अलॉयच कामाला येतात. जहाजांच्या रचनेत पहिल्या डावात शिरू नका, ऑटो डिझाइन चालू राहू द्या. फार तर एवढंच लक्षात असू द्या की कायनेटिक तोफा शील्डवर आणि लेझर आर्मरवर भारी पडतात.

तुम्ही स्वतः युद्ध पुकारणार असाल तर आधी ताऱ्यांवर दावे लावावे लागतात, आणि दाव्यांनाही इन्फ्लुअन्सच लागतो. दावा न लावता जिंकलेला तारा तहानंतर साधारणपणे परत जातो. पहिल्या युद्धात अनेकांचा हिरमोड होतो तो इथेच. दुसरं म्हणजे युद्धाचा थकवा. तुमचा थकवा १०० टक्क्यांवर पोचून २४ महिने उलटले की समोरचा स्टेटस क्वोचा (युद्ध आहे त्या स्थितीत थांबवणारा) तह तुमच्यावर लादू शकतो. म्हणून दावे लावलेले तारे आधी ताब्यात घ्या, शत्रूच्या ताफ्याचा पाठलाग नंतर. स्टेटस क्वो झाला तरी दावा आणि ताबा दोन्ही असलेलं तुमच्याकडेच राहतं.

फॉलन एम्पायर नावाची म्हातारी साम्राज्यंही नकाशावर दिसतील. त्यांची ताकद तुमच्या कित्येक पट असते, पण सहसा ती आपल्या जागेवरून हलत नाहीत. त्यांतलं एक काही ग्रहांना पवित्र मानतं. अशा ग्रहावर वसाहत केलीत तर ते हलतं. तेवढं टाळा.

यूट्यूबवरून शिकणार असाल तर व्हिडिओची तारीख आधी बघा. गेम मे २०१६ चा आहे आणि तेव्हापासून तो आतून अनेकदा पालटलाय. फेब्रुवारी २०१८ च्या २.० आवृत्तीआधी प्रवासाच्या तीन पद्धती होत्या, नंतर मुख्यतः हायपरलेन उरल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये २.२ ने ग्रहांवरच्या चौकटी काढून नोकऱ्या आणि डिस्ट्रिक्ट आणले. मे २०२५ च्या ४.० ने लोकसंख्येची आणि व्यापाराची मांडणी पुन्हा बदलली. त्यामुळे जुना व्हिडिओ कितीही चांगला असला तरी त्यात दाखवलेलं बटण तुमच्या पडद्यावर सापडणार नाही, आणि तुम्हाला वाटेल आपलंच चुकतंय. नकाशा आणि युद्धाचा अंदाज घ्यायला जुने व्हिडिओ चालतील, ग्रह कसा चालवायचा यासाठी ४.० नंतरचेच बघा.

डीएलसी (वेगळे विकत मिळणारे जोड-भाग) अजून घेऊ नका. प्रत्येक डीएलसी नव्या खिडक्या आणतं, आणि तुमची तक्रार तर खिडक्यांचीच आहे. पहिला डाव शेवटापर्यंत नेलाच पाहिजे असंही नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये शेवटचं मोठं संकट येतं ते २४०० नंतर, आणि तिथवर पोचायला बरेच तास जातात. २२६०-७० पर्यंत खेळा. तोवर शेजारी ठरलेले असतात, सीमा भिडलेल्या असतात, आणि कुठला तारा आधी घ्यायला हवा होता ते नकाशावर दिसायला लागलेलं असतं. मग हवं तर तोच डाव पुढे न्या, नाहीतर त्याच सेटिंगवर नवा सुरू करा.