पाइन स्ट्रीटवरचं पाऊण गुंठा घर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

फिलाडेल्फियात रुळलीस हे वाचून बरं वाटलं. सुट्टीत काय पाहू, असं विचारलंयस. लिबर्टी बेल मी न सांगताही पाहशील. तिथून चालत थर्ड आणि पाइन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जा. विटांचं एक साधं घर दिसेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडची ही सगळ्यात छोटी जागा आहे, ०.०२ एकर. आपल्या हिशेबात जेमतेम पाऊण गुंठा! रोज उघडं नसतं, वेळ बघूनच जा.

तादेउश कोश्चूश्को हा पोलिश इंजिनिअर १७९७-९८ च्या हिवाळ्यात इथे भाड्याने राहत होता. तू स्थापत्यची, म्हणून त्याचं खरं काम आधी समजून घे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७७ मध्ये, अमेरिकनांच्या बाजूने त्याने सॅराटोगाजवळ बेमिस हाइट्सची जागा हेरली. खाली हडसन नदी आणि काठाने जाणारा रस्ता, वर टेकाड, पलीकडे रान. रस्ता तोफांच्या टप्प्यात येईल अशी मोर्चेबंदी त्याने केली. ब्रिटिशांना काठ सोडून रानात शिरावं लागलं आणि ऑक्टोबरात त्यांचा सेनापती बर्गॉइन शरण आला. पुढे हडसनकाठच्या वेस्ट पॉइंट या ठाण्याची तटबंदीही यानेच उभारली. राजगडावर संजीवनी माची तशीच का काढली, यावर आपण तासभर भांडलो होतो, आठवतं? तीच नजर इथे लाव. (वीर म्हटला की आपल्याला घोडा आणि तलवार लागते. पुतळ्याच्या हातात मोजणीची साखळी कोण देणार!)

मग पोलंडमध्ये १७९४ चा उठाव, त्यात जबर जखमी, रशियाच्या कैदेत दोन वर्षं. सुटून इथे आला तेव्हा धड चालता येत नव्हतं. म्हणून लोकच जिना चढून त्याच्याकडे येत. उपराष्ट्राध्यक्ष जेफरसन यायचा, मायामी या मूलनिवासी जमातीचा नायक लिटल टर्टलही येऊन गेला. वरची ती खोली नंतर पुन्हा मांडलेली आहे, तेव्हा प्रत्येक वस्तू त्याचीच समजून भारावू नकोस.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा मिनिटांत बाहेर पडलो होतो. 'एवढंच?' असं वाटलं. त्याच्या मृत्युपत्राबद्दल कळलं ते नंतर. मे १७९८ मध्ये अमेरिका सोडताना त्याने लिहून ठेवलं, की माझ्या इथल्या पैशातून गुलाम विकत घेऊन मुक्त करा आणि त्यांना शिकवा. हे काम सोपवलं जेफरसनवर, ज्याच्या स्वतःच्याच मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते. १८१७ मध्ये कोश्चूश्को वारला. म्हाताऱ्या जेफरसनने जबाबदारी घ्यायला नकार दिला. मृत्युपत्रावरचा खटला रखडत गेला आणि १८५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसा त्याच्या युरोपातल्या वारसांना दिला. त्या पैशातून एकही माणूस सुटला नाही.

तेव्हा खोलीच्या दाराशी जरा थांब. घाई नसेल तर तिथल्या रेंजरला मृत्युपत्राबद्दल मुद्दाम विचार, जेफरसनचं नाव घेऊन विचार. काय उत्तर देतात ते सविस्तर कळव. फोटो नाही पाठवलेस तरी चालेल.

तुझा,
सर