जुन्या विनोदी मालिकांतल्या अभिनेत्री फक्त साथीला होत्या का?

तुमचा प्रश्न असा आहे: "अमेरिकेत टीव्हीवर लुसिल बॉलसारखी विनोदी अभिनेत्री झाली. आपल्याकडे दूरदर्शन आणि केबलच्या काळातल्या विनोदी मालिकांत तशी कोणी होती का, की बायका फक्त पुरुष नटांच्या साथीला होत्या? बघायला सुरुवात कुठून करावी?"

साथीला नव्हत्या. उत्तर एवढंच आहे. पण हा 'साथीला' शब्द मी आधी ऐकलाय. १९९५ च्या उन्हाळ्यात, अमळनेरला, आमच्या ओसरीत, माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून. म्हणून जरा लांबेल.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर एका रात्री व्होल्टेज वाढलं आणि टीव्हीचा आवाज गेला. चित्र स्वच्छ, आवाज अजिबात नाही. मेकॅनिकनं मागचं झाकण उघडून सांगितलं, स्पीकर चांगला आहे, आतली आयसी गेलीय, जळगावहून मागवावी लागेल. कापसाचे पैसे हातात आले नव्हते. आप्पा म्हणाले, राहू द्या तसाच. तो पेरण्या होईपर्यंत तसाच राहिला.

फुई आखाजीसाठी पारोळ्याहून माहेरी आली होती. फुई म्हणजे वडिलांची बहीण, बाकी महाराष्ट्र तिला आत्या म्हणतो. ती आली की महिनाभर राहायची. सकाळी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड घालायचे, दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, रात्री टीव्ही. तिला हिंदी धड कळायचं नाही. आवाज होता तेव्हाही ती मला मधेमधे विचारायची, काय म्हणाली ती? आवाज गेल्यावर मला वाटलं, आता ही बसायची नाही. तर 'तू तू मैं मैं' लागलं त्या रात्री ती सर्वांत आधी चटईवर येऊन बसली. मी म्हटलं, फुई, आवाज नाही ना. ती म्हणाली, "आवाजनं काय काम शे? आते दख, ती काय करस!"

ती म्हणजे रीमा लागू, मालिकेतली सासू.

आणि मी बघितलं. सून काहीतरी बोलायची. रीमा लागू लगेच तिच्याकडे वळायच्या नाहीत. आधी हातातलं काम थांबायचं. मग मान ताठ व्हायची. मग नुसत्या भुवया. सगळ्यात शेवटी तोंड उघडायचं, आणि तोवर फुई हसून मोकळी झालेली असायची. शेंगांची सालं तिच्या मांडीवरून खाली सांडायची. संवादाच्या आधी हसू, तेही आवाज नसलेल्या टीव्हीवर, भाषा न येणाऱ्या बाईला.

माझा भाऊ, आम्ही त्याला जिभाऊ म्हणतो, दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "तुम्ही उगाच हसता. विनोद लेखकाचा असतो. नाहीतर मग अशोक सराफसारखा माणूस लागतो. बाई नुसती साथीला उभी असते." मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मला उत्तर सुचलं नाही. फुईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पुढचा भाग धुळ्याचा. मी तिथे कॉलेजला होते. त्याच डिसेंबरात गॅदरिंगसाठी मी सासू-सुनेची अहिराणी नाटिका लिहिली. सासू सगळी फुईवरून घेतली होती. फुई सुनेला रागवायची नाही. ती फक्त भाकरी उचलायची, दाराच्या उजेडासमोर धरून बघायची आणि न बोलता परत टोपलीत ठेवायची. तेवढ्यानं आख्खं स्वयंपाकघर हसायचं, सूनसुद्धा. मी ते आरशासमोर महिनाभर घोटलं होतं. भाकरी किती वेळ धरायची, नजर कधी काढायची, सगळं. निवड करणारे सर म्हणाले, सासूचं काम मुलगा करेल. तमाशात मावशीचं काम पुरुषच करतो, लोक त्याला हसतात, मुलीनं केलं तर पोरं शिट्ट्या मारतील.

मुलानं केलं. गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी नेसून तो आला आणि येताक्षणीच हशा. भाकरीच्या जागी आला तेव्हा त्यानं ती उजेडात धरलीच नाही, थाळीसारखी भिरकावली. पुन्हा हशा. मी विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग करत होते. जिभाऊ खास अमळनेरहून बघायला आला होता. परतताना एसटीत म्हणाला, "बघ, पोरगा होता म्हणून रंगलं."

लोक साडीला हसले होते. साडीवर हसू यायला काहीच लागत नाही. उजेडात धरलेल्या भाकरीवर हसू यायला माणूस लागतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. 'तू तू मैं मैं' १९९४ ला सुरू झाली तेव्हा रीमा लागू ३६ वर्षांच्या होत्या आणि सून झालेल्या सुप्रिया पिळगावकर २६-२७. जेमतेम नऊ वर्षांचं अंतर. सिनेमात त्यांना १९८९ च्या 'मैंने प्यार किया'पासून आईच्या भूमिका चिकटल्या होत्या, नायकासाठी डोळे पुसणाऱ्या. टीव्हीवर त्याच बाईनं हसवलं, आणि एकाच काळात दोन तऱ्हांनी. इकडे खाष्ट सासू, तिकडे 'श्रीमान श्रीमती'मधली कोकी. कोकीमध्ये सासूचा मागमूस नाही. चालणं वेगळं, नवऱ्याला हाक मारण्याचा सूर वेगळा. त्याच मालिकेत अर्चना पूरनसिंग यांची प्रेमा शालिनी होती, सिनेनटी. तो तोरा त्यांनी इतक्या गंभीरपणे वागवला की घरी बसलेला तिचा नवरा दिलरुबा त्या तोऱ्यामुळेच विनोदी वाटतो. सुप्रिया पिळगावकरांना मी कमी लेखत नाही. समोरचं माणूस तितकंच तयारीचं नसेल तर भांडण रंगत नाही, हे आखाजीला नदीच्या दोन काठांवरून एकमेकींना गाण्यांतून शिव्या देणाऱ्या आमच्या बायकांना विचारा. खानदेशात बायकांचा विनोद टीव्हीनं आणलेला नाही.

त्याआधी १९८४ चं 'ये जो है ज़िंदगी'. लिहिलं शरद जोशींनी. सतीश शाह दर भागात नवीन पात्र होऊन यायचे म्हणून लोक त्यांचंच नाव काढतात, आणि ते थोरच होते. पण त्या सगळ्या वेड्या पाहुण्यांना खरं मानणारं कोणीतरी घरात लागतं. ती रेणू, स्वरूप संपत. तिनं डोळे विस्फारले नसते तर तो वेडेपणा नुसता वेषांतराचा खेळ झाला असता. तबस्सुम तर त्याच्याही आधीपासून. त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' १९७२ ते १९९३ चालला, म्हणजे एकवीस वर्षं एक बाई पडद्यावर नामवंतांना हसवत, स्वतः हसत बसली होती. शुभा खोटे आणि त्यांची मुलगी भावना बलसावर या मायलेकी 'ज़बान संभाल के'मध्ये एकत्र होत्या. ही गोष्ट ठाऊक नसलेले लोक मला रोज भेटतात आणि त्यातले पंकज कपूर मात्र सगळ्यांना आठवतात.

प्रिया तेंडुलकरांबद्दल थोडं थांबून सांगते. १९८५ ला 'रजनी' म्हणून त्यांनी रस्त्यावर, दुकानात, कचेरीत भांडून दाखवलं. दहा वर्षांनी 'हम पाँच'मध्ये त्यांना भिंतीवरचा फोटो केलं. अशोक सराफांची मेलेली पहिली बायको, जी चौकटीतून बोलते. हात नाहीत, चाल नाही, खोलीभर वावरायची सोय नाही. फक्त चेहरा. आणि त्या चेहऱ्यानं अशोक सराफांसारख्या नटाला तोडीस तोड उत्तर दिलं. जिभाऊनं अशोक सराफांचं नाव घेतलं होतं ना? त्यानं त्या फोटोकडे नीट बघायला हवं होतं.

लुसिल बॉल यांचं म्हणाल तर 'आय लव्ह लुसी' ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झालं. माझ्या मुलीनं मला १९५२ चा चॉकलेट कारखान्याचा भाग दाखवला. पट्ट्यावरून चॉकलेटं येतात, पट्टा वेग घेतो, लुसी आणि व्हिव्हियन व्हान्सची एथेल ती गुंडाळू शकत नाहीत, म्हणून तोंडात, टोपीत, झग्यात कोंबत सुटतात. मी मुलीला म्हटलं, आवाज बंद कर. हसू कणभर कमी झालं नाही. मला फुई आठवली. पुढे १९६२ ला बॉल यांनी माजी नवऱ्याचा वाटा विकत घेतला आणि देसिलू स्टुडिओची मालकीण झाल्या. 'स्टार ट्रेक' त्याच स्टुडिओतून आली. आपल्याकडेही पडद्यामागे बायका होत्याच. 'देख भाई देख'ची निर्मिती जया बच्चन यांची, आणि १९९५ ला 'हम पाँच' आणली तेव्हा एकता कपूर विशीच्या आसपास होत्या.

हेही सांगायला हवं की या मालिकांमधलं सगळंच मला आज सोसत नाही. 'श्रीमान श्रीमती'चा डोलाराच शेजाऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवण्यावर उभा आहे. जाडेपणावरचे विनोद सगळीकडे. सासू-सून म्हणजे भांडणच, हे 'तू तू मैं मैं'नंही पक्कं केलं, आणि पुढच्या रडक्या मालिकांनी त्यातलं हसू तेवढं काढून टाकलं. शिवाय मी नावं घेतली ती बहुतेक हिंदीतली, कारण आमच्या केबलवर तेच दिसायचं. मराठीत २००१ च्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधल्या शुभांगी गोखले बघा. प्रभावळकरांचे आबा सगळ्यांना आठवतात, पण त्या घराला घरपण शुभांगीताईंच्या श्यामलामुळे येतं. निर्मिती सावंत यांची गंगूबाईही सोडू नका.

सुरुवात 'तू तू मैं मैं'पासून करा. जुने भाग यूट्यूबवर सापडतात. पहिला भाग आवाज बंद करून बघा, पुरता, मधे आवाज न वाढवता. हसू कोणाच्या चेहऱ्यावरून सुरू होतं ते तुम्हीच टिपा. मग तोच भाग आवाजासकट बघा आणि लेखकानं किती दिलं, बाईनं किती, ते ठरवा. मालिका आवडली नाही तरी एवढं कराच.

फुई आता नाही. जिभाऊ नाशिकला असतो, आणि माझी उत्तरं वाचतो हे मला माहीत आहे. जिभाऊ, यंदा आखाजीला घरी ये. आप्पांच्या ओसरीत नवा टीव्ही आहे, रिमोट माझ्या हातात असेल. भाकरीचा तो प्रवेशही मी तुला करून दाखवणार आहे. तो मी अजून कोणासमोर केलेला नाही.