‘आनुवंशिक आजार’ म्हणून क्लेम नाकारला, आता काय?

प्रश्न : आम्ही उदगीरचे. मिस्टर खासगी शाळेत शिक्षक. जून 2022 मध्ये आरोग्य विमा काढला. फेब्रुवारी 2025 मध्ये थकवा, सांधेदुखी म्हणून रक्त तपासलं, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) फार वाढलेलं. जनुक तपासणीत हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे अंगात लोह साठत जाण्याचा आजार निघाला. सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली, ती कॅन्सरची. पुण्यात ऑपरेशन झालं, 6 लाख 40 हजार लागले. कंपनी म्हणते, आजार आनुवंशिक आहे, पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे आणि सासऱ्यांना यकृताचा कॅन्सर होता हे तुम्ही लपवलं. सासरे 2019 मध्ये गेले. माळकरी माणूस, दारूला कधी शिवले नाहीत, तरी गावात कुजबुज झालीच. फॉर्म एजंटने भरला होता. नकाराचं पत्र येऊन तीन महिने झाले. दीरही आता पॉलिसी काढतायत. त्यांनी तपासणी करावी का?

उत्तर : ताई, कंपनीने एका पत्रात तीन कारणं कालवली आहेत. पहिली दोन टिकणारी नाहीत, तिसऱ्याकडे मात्र नीट बघावं लागेल.

आजार आनुवंशिक म्हणून क्लेम नाकारणं बेकायदा भेदभाव आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये युनायटेड इंडिया विरुद्ध जय प्रकाश तायल या खटल्यात म्हटलं. त्या निकालाच्या काही भागाला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, त्यामुळे मी सगळी मदार त्यावर ठेवणार नाही. विमा नियामकाची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं जास्त कामाची आहेत. आनुवंशिक आजार पॉलिसीतून वगळता येत नाहीत, असं त्यांत स्पष्ट आहे, आणि तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे.

दुसरं, ‘आधीपासूनचा आजार’. नियमात याचा अर्थ ठरलेला आहे : पॉलिसीआधीच्या 36 महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्यासाठी सल्ला, उपचार घेतले तो. तुमचं निदान 2025 चं. जनुक जन्मापासून असतं, आजार असेलच असं नाही. एचएफई जनुकातला सी282वाय हा दोष आई आणि वडील दोघांकडून आलेल्या ब्रिटिश पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात पंच्याहत्तरीपर्यंत यकृताच्या कॅन्सरचा धोका सुमारे 7 टक्के निघाला, इतरांत एक टक्क्याहून कमी. धोका मोठा खराच, पण बहुतेकांना कॅन्सर होत नाही. तो दोष आपल्याकडे दुर्मिळ, म्हणून मिस्टरांच्या रिपोर्टवर नेमका कुठला दोष लिहिलाय ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

आता डिस्चार्ज कार्ड काढा आणि ‘पूर्वेतिहास’ हा रकाना वाचा. भरतीच्या घाईत एखादा निवासी डॉक्टर तिथे ‘हिमोक्रोमॅटोसिस, जन्मापासून’ असं खरडतो आणि टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) नेमकी तीच ओळ उचलतो. बऱ्याच क्लेमचा घात या अर्ध्या ओळीने होतो. तसं काही असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या, की निदान पहिल्यांदा फेब्रुवारी 2025 मध्ये झालं. लॅबचा रिपोर्ट सोबत जोडा.

तिसरं, लपवल्याचा आरोप. साठ महिने सलग पॉलिसी चालली असती तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून हा मुद्दा काढताच आला नसता, पण तेवढे महिने भरलेले नाहीत. म्हणून प्रपोजल फॉर्मची प्रत मागवा. आईवडिलांच्या आजाराविषयी प्रश्नच नसेल तर न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. प्रश्न असेल आणि ‘नाही’वर खूण असेल, तर बाजू कमजोर आहे. सासऱ्यांच्या अंगात लोह साठत होतं का हे 2019 मध्ये कुणी तपासलंच नसेल, तर ते मिस्टरांनी कुठून लिहायचं? कॅन्सरचं मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा फॉर्म इंग्रजीत होता का, मराठीत समजावून सांगितल्याचं प्रतिज्ञापन आहे का, त्याखाली सही कुणाची, हे बघा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली नकार दिला आणि क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी कुठे आहे, हे त्यात जरूर विचारा. 2024 पासून दोन्ही बंधनकारक आहे. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्यासाठी कार्यालय पुण्यात, फी नाही, मुदत एक वर्ष, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. तिथे वकील लागत नाही, चालतही नाही. हे वकील असून सांगतोय. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, त्यामुळे नंतरही लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. तिथली मुदत दोन वर्षं, आणि तुमचा हप्ता पाच लाखांच्या आतला असल्याने फी नाही. मात्र आयोगात आधी गेलात तर लोकपाल तक्रार घेणार नाही, म्हणून क्रम चुकवू नका.

दिरांनी तपासणी पॉलिसीसाठी लांबवू नये. सख्ख्या भावाला हा आजार असताना फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, या रक्तातल्या लोहाच्या दोन तपासण्या करायलाच हव्यात. सिरोसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) होण्याआधी सापडलं तर ठरावीक अंतराने रक्त काढून लोह आटोक्यात ठेवता येतं, आणि या आजारातला कॅन्सर बहुतेक करून सिरोसिस झालेल्या यकृतातच होतो. फॉर्मवर वडिलांचं आणि भावाचं विचारलं असेल तर खरं ते लिहावं. हप्ता वाढेल, एखादी कंपनी नाहीही म्हणेल. जनुकांवरून भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. एजंट ‘हे लिहू नका, पॉलिसी अडकते’ म्हणाला, तर त्याला तेवढंच व्हॉट्सॲपवर लिहून द्यायला सांगा.