बारीक माणसाला शुगर, उपाशीपोटी १६८ आणि ती बाटली

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या. बाबा ५२ वर्षांचे, वजन ५४ किलो, जन्मभर वावरात राबलेले, त्यांना शुगर कशी झाली? रात्रभर पोटात काही नसताना सकाळी १६८ कुठून आली? आणि 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मारतो' म्हणून गावात विकायला येतात ती बाटली घ्यावी का? मी डॉक्टर नाही. उपकेंद्रावर आरोग्य सेवक म्हणून २६ वर्षं काढली आणि मला स्वतःला १४ वर्षांपासून शुगर आहे. बाटलीचं आधीच सांगून टाकतो: घेऊ नका. का ते पुढे येईलच.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, खरी गोम तिथेच आहे. आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागते. ती रात्रभर यकृत पुरवतं आणि किती सोडायची याचा लगाम इन्सुलिनच्या हाती असतो. यकृतात चरबी साचली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, रक्तात भरपूर साखर असली तरी आणखी सोडत राहतं. बाबांची १६८ बरीचशी त्यांच्याच यकृतातून आली. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः हेच सोडणं कमी करते. म्हणून 'उपाशी माणसाला गोळी कशाला' असं म्हणून ती कुणी बंद करत असेल तर करू देऊ नका.

आता स्नायू. जेवणानंतरची बहुतेक साखर स्नायूंनी उचलायची असते. सीझनमध्ये जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीवर, कापूस नेला की काय होतं, आठवा. आवार भरलं की फाटक बंद, बाहेर गाड्यांची रांग. पेशींत चरबी भरली की इन्सुलिनने कितीही हाका मारल्या तरी फाटक नीट उघडत नाही आणि साखर रक्तात रांग लावून उभी राहते. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन ओततं. अशी वर्षानुवर्षं जातात, रिपोर्ट नॉर्मल येतो. शेवटी ते थकतं आणि तेव्हा कुठे शुगर दिसते.

पण बाबा तर बारीक! हा प्रश्न मला उपकेंद्रावर शेकडो वेळा ऐकायला मिळाला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपल्याकडे काट्यावर हलका दिसणारा माणूस आतून चरबीचा असू शकतो, आणि पोटातली चरबीच जास्त नडते. घरी मोजपट्टी नसेल तर सुतळी घ्या. बाबांना श्वास सोडून सरळ उभं करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध सुतळी गुंडाळा, गाठ मारा आणि शाळेच्या पट्टीवर मोजा. पुरुषाचं माप ९० सेंटिमीटर किंवा जास्त आलं की उत्तर मिळालं. हातपाय काडीसारखे असले तरीही.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही खोटी गोष्ट नाही, म्हणूनच तर लोक फसतात. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, नसा आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर, इथल्या पेशींना साखर अडवता येत नाही. बाहेर जेवढी, तेवढी आत. मग आतल्या यंत्रावर भार पडतो आणि जास्त कापूस कोंबलेल्या जिनिंगच्या यंत्रासारख्या ठिणग्या उडतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. त्याच ठिणग्या डोळे आणि पाय बिघडवतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींकडे ठिणग्या विझवायची सोय मुळातच कमी असते, म्हणून त्याही होरपळतात. आग लागण्याआधी भार कमी करायचा असतो. वरून औषध शिंपडून काय होतं, ते तपासून झालं आहे. व्हिटॅमिन ई हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट, म्हणजे ठिणग्या विझवणारं म्हणून दिलं जाणारं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' नावाच्या अभ्यासात साडेनऊ हजारांवर लोक होते, त्यात मधुमेहीही बरेच. साडेचार वर्षांनंतर हृदयविकाराच्या बाबतीत काही फरक दिसला नाही. माझ्या ओळखीच्या एका कास्तकारानं अशाच बाटलीच्या भरवशावर गोळ्या सोडल्या. चार महिन्यांनी अंगठ्याला बूट चावला, पायाच्या नसा बधिर झालेल्या, त्याला कळलंच नाही. मोज्याला रक्त लागलेलं बायकोनं पाहिलं.

भार कमी करायचा तो असा. बाबा दिवसातून सहा कप चहा घेतात, कपात दोन चमचे साखर, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे साधारण ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. ती आधी बंद करा. ज्वारीची भाकर चांगली, पण तिच्यातही पिष्टच असतं, चार भाकरींची दोनवर आणा आणि वरण, हिरवी भाजी वाढवा. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, निघाल्यावर पेरणीपर्यंत बसून राहणं नको. चालणारा स्नायू इन्सुलिनच्या हाकेशिवायही फाटक उघडतो, म्हणून दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं चालायला लावा. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात, शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा मधुमेह होण्याचा धोका आहार आणि हालचालीनं २८.५ टक्के कमी झाला. बाबा उंबरठा ओलांडून गेलेत, पण स्नायू तेच आहेत. गोळी चालूच ठेवायची.

एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. विदर्भात सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार बराच आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी लाल रक्तपेशींवर चालते आणि सिकलसेलच्या पेशंटमध्ये पेशी लवकर फुटतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. मी एका बाईचा ५.२ आलेला पाहिला आणि त्याच आठवड्यात तिची उपाशीपोटी १९० होती. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी अशी साधी रक्तशुगर मागा.

पुढच्या वेळी सुतळीचं माप, हे दोन आकडे आणि बाबांच्या तळपायाला बोट लावलेलं कळतं का, एवढं इथे लिहा. रिपोर्टचा फोटो टाकाल तर नाव झाका.