थंडीत कोणत्या रस्त्यांवर मीठ टाकायचं, हे इंग्लंडमधलं कौन्सिल कसं ठरवतं? आमच्या गल्लीत ग्रिटर (मीठ टाकणारी गाडी) कधीच का येत नाही?

तुमच्या गल्लीतून बस जात नाही, म्हणून. खरं तर एवढं उत्तर पुरे आहे. पण हा विषय निघाला की आमच्या घरातलं एक जुनं भांडण पुन्हा पेटतं, म्हणून थोडं पाल्हाळ लावते.

आधी ए रोड, म्हणजे मुख्य रस्ते, मग त्याखालचे वर्दळीचे बी रोड, बसचे मार्ग, हॉस्पिटल आणि फायर स्टेशनकडे जाणारे रस्ते. ही यादी थंडी सुरू व्हायच्या आधीच पक्की झालेली असते. रोज ठरतं ते एवढंच, की आज गाड्या काढायच्या की नाही. तेही हवेच्या नाही, रस्त्याच्या तापमानाच्या अंदाजावरून. मोटरवे कौन्सिलकडे नसतातच.

आता आमचं. डिसेंबर 2010. इथला शंभर वर्षांतला सगळ्यात थंड डिसेंबर. आम्ही वेस्ट यॉर्कशरमध्ये, चढावरच्या चौदा घरांच्या बंद गल्लीत. सासूबाई सांगलीहून पहिल्यांदाच आलेल्या. सकाळी उठून दारात सडा घालायची त्यांची जन्माची सवय. आम्ही उठायच्या आत त्यांनी दोन किटल्या पाणी उकळलं, बादलीत घेतलं आणि पायऱ्यांवर, पुढच्या फूटपाथवर ओतून टाकलं. बर्फ झटक्यात गेला. "एवढं सोपं असून तुम्ही रोज कुदळत बसता," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा ऑफिसला निघाला आणि नेमका त्याच जागी आडवा झाला. मनगट मोडलं. मी किचनच्या खिडकीतून बघत होते. हातातला डबा सुटला तो एकटाच उतारावरून घसरत गेला, अगदी सावकाश, आणि कोपऱ्यावरच्या मिठाच्या पिवळ्या पेटीला जाऊन टेकला. ती पेटी तिथे आहे हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

नवऱ्याने काय करावं? प्लास्टरमधल्या हाताने कौन्सिलला पत्र! टॅक्स घेता मग मीठ का टाकत नाही? उत्तर आलं, सभ्य भाषेत: तुमची गल्ली यादीत नाही, कोपऱ्यावर पेटी ठेवली आहे. तेव्हापासून हा माणूस 1980 च्या हायवेज ॲक्टचं कलम 41, म्हणजे रस्ते नीट ठेवायची जबाबदारी सांगणारं कलम, पाठ म्हणतो. रस्त्यावरचा बर्फ त्या कलमात येत नाही, असं 2000 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं होतं. मग 2003 मध्ये सरकारने कायदाच बदलून घेतला. पण त्यात "वाजवीपणे शक्य असेल तेवढं" असं लिहिलंय, ते तो वाचत नाही. शिवाय 2010 च्याच जानेवारीत मिठाचा इतका तुटवडा होता की कौन्सिलांना वापर पाव हिश्शाने कमी करायला सांगितलं होतं. आणि मीठ टाकलं की झालं असं नसतं. टायरखाली रगडलं गेलं तर ते नीट काम करतं. आमच्या गल्लीत दिवसाला किती गाड्या? हातावर मोजण्याइतक्या.

म्हणजे कौन्सिल शहाणं, असं मी म्हणत नाही. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यापुढे चाकं असतात, पाय नसतात. बसच्या मार्गावर मीठ, आणि बसस्टॉपपर्यंत जायला नुसती काच. शेजारची म्हातारी त्या महिन्यात तीन आठवडे घराबाहेर पडली नाही.

तुम्ही काय करायचं? पेटी असेल तर फावडं घ्या आणि फूटपाथवर टाका. ते मातकट खडेमीठ सगळ्यांसाठी असतं, स्वतःच्या ड्राइव्हवेवर न्यायचं नाही (आमच्याकडे एकजण नेतो, त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे). पेटी नसेल तर कौन्सिलरला सप्टेंबरात लिहा. जानेवारीत लिहून काही होत नाही. आणि "आपण साफ केलं आणि कुणी घसरलं तर आपल्यावर केस होईल" हे नवऱ्याचं लाडकं वाक्य कुणी ऐकवलं तर सोडून द्या. नीट साफ केलंत तर तशी केस होण्याची शक्यता फारच कमी, हे सरकारनेच सांगितलंय. गरम पाणी मात्र ओतू नका, हेही त्याच सूचनांमध्ये आहे. मी नवऱ्याला ते छापून दिलं होतं.

हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, उत्तर आयर्लंडमध्ये हे काम कौन्सिलकडे नसतंच, आणि यादी प्रत्येक कौन्सिलची आपापली, तेव्हा तुमच्या कौन्सिलच्या वेबसाइटवरचा नकाशा आधी बघा. सासूबाईंना बादलीचं आम्ही दोघांनीही अजून सांगितलेलं नाही.